तेरचा नसलेला मणी

ज्ञानदा : मी ‘असू शकतो’ म्हणाले होते, काका. ‘आहे’ असं नव्हते म्हणाले.

गुरुनाथ : अगं, कार्यक्रमाच्या फ्लायरवर ‘असू शकतो’ लिहिलं तर येणार कोण? शनिवारची दुपार आहे. लोकांना कॉस्टकोला जायचं असतं, पोरांचं सॉकर असतं. ‘रोमन किल्ल्यात सापडला आपला मराठी मणी!’ हे वाचलं की माणूस थांबतो.

रेणू : माणूस थांबतो ते खालचं ‘बटाटेवडे मिळतील’ वाचून. तेही तितक्याच मोठ्या अक्षरात आहे.

गुरुनाथ : रेणू, तू मागे ट्रे नीट धर. वळण आहे.

ज्ञानदा : काका, गाडी चालवता चालवता नुसतं ऐका. हर्नडन स्टेशनवर तुम्ही मला घेतलंत तेव्हापासून सांगायला बघतेय. गुरुवारी लॅबचा रिपोर्ट आला.

गुरुनाथ : मण्याचा?

ज्ञानदा : हो. तो दगड भारतातला नाही.

गुरुनाथ : नाही म्हणजे? मागच्या थँक्सगिव्हिंगला तूच आमच्या टेबलावर बसून सांगितलंस. उत्तर इंग्लंड, रोमन साम्राज्याची शेवटची हद्द, तिथल्या किल्ल्याच्या गटारात लाल अकीकाचा मणी. तू स्वतः चिखल चाळून काढलेला. आणि असा अकीक आपल्या मराठवाड्यातून रोमला जायचा, तेरहून, पैठणहून. हे काय मी माझ्या मनाचं घातलं?

ज्ञानदा : अकीक जायचा, हे खरंच आहे. म्हणून तर मी तो तपासायला दिला. दगडात कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते बघतात, त्यावरून तो साधारण कुठला ते कळतं. आमचा निघाला जर्मनीकडचा. ऱ्हाइन नदीच्या आसपासचा. तिकडून बदली होऊन आलेल्या कुणा सैनिकाचा असेल.

गुरुनाथ : लॅबची चूक होऊ शकते.

ज्ञानदा : होऊ शकते. त्यांनी पुन्हा करून बघितलं. तेच आलं.

गुरुनाथ : जर्मनी.

रेणू : सिग्नल हिरवा झालाय, गुरू.

गुरुनाथ : दिसला. मग आज तू काय बोलणार आहेस?

ज्ञानदा : हेच.

गुरुनाथ : आज नको. असं करू. आज तू मणी दाखव, किल्ला दाखव, तुझे ते गटारात सापडलेले बूट-बिट दाखव. पुढच्या महिन्यात मी ग्रुपवर एक मेसेज टाकतो, की ताज्या संशोधनानुसार वगैरे वगैरे. कोणाचं काही बिघडत नाही.

ज्ञानदा : माझं बिघडतं ना, काका. तुमचा फ्लायर फिरत फिरत तिकडे नागपूरला गेला. तुमच्या सिद्धेशने त्याच्या पोर्टलवर बातमी लावली. ‘नागपूरच्या कन्येने रोमन किल्ल्यात शोधली महाराष्ट्राची खूण.’ सोबत माझा कॉन्व्होकेशनचा फोटो.

गुरुनाथ : माझा भाचा आहे तो, कौतुकानेच लावली. तुझ्या बाबांनी तर सगळ्या कॉलनीत दाखवली. एकनाथचा मला फोन आला होता. हॉस्टेलच्या दिवसांनंतर इतका खूश मी त्याला ऐकलेला नाही.

ज्ञानदा : कोणीतरी ती भाषांतर करून हेलनला पाठवली. हेलन म्हणजे आमच्या उत्खननाच्या प्रमुख. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, हे तू जाहीरपणे दुरुस्त कर. नाही केलंस तर पुढच्या उन्हाळ्यात तुला साइटवर घेणं मला कठीण जाईल. माझी अख्खी पीएचडी त्या किल्ल्यावर आहे, काका.

गुरुनाथ : एका मण्यावरून?

ज्ञानदा : मण्यावरून नाही. त्यांचं म्हणणं, जी मुलगी रिपोर्ट यायच्या आधी सांगत सुटते तिच्या बाकीच्या नोंदींवर मी विश्वास कसा ठेवू?

गुरुनाथ : तू कुठे सांगत सुटलीस? मी सुटलो.

ज्ञानदा : त्यांना तुम्ही माहीत नाही.

गुरुनाथ : कप संपलेत. या दुकानातून घेऊन येतो. तुम्ही गाडीतच बसा, दोन मिनिटं.

रेणू : घरी कपांचे दोन खोके पडलेत.

गुरुनाथ : ते लहान आहेत. आलोच.

रेणू : गेला. ज्ञानदा, समोरच्या काचेकडे तोंड करूनच ऐक, तो दुकानातून बघेल. मार्चमध्ये गुरूची नोकरी गेली.

ज्ञानदा : काकांची? मला वाटलं रिटायर झाले.

रेणू : सगळ्यांना तेच सांगितलंय. तुझ्या बाबांनाही. बावीस वर्षं एकाच डेटा सेंटरमध्ये काढली आणि एका व्हिडिओ कॉलवर संपलं. कॉल घेणारी बाई त्याच्या ओळखीचीही नव्हती. त्यानंतर दोन महिने हा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा. मी विचारलं की म्हणायचा, ईमेल बघतोय. कोणाचे येणार होते ईमेल?

ज्ञानदा : काकू, मला काहीच माहीत नव्हतं.

रेणू : मग हा इतिहास ग्रुप सुरू झाला. आता खाली भिंतभर नकाशे आहेत. जेवताना रोमन रस्त्यांबद्दल बोलतो, मला पाठ झालेत. पहिल्या कार्यक्रमाला नऊ माणसं आली होती, त्यातली तीन आमच्या शेजारची. आज अडीचशे जणांनी नावं दिलीत.

ज्ञानदा : म्हणजे मी बोलू नको?

रेणू : असं मी कुठे म्हटलं? खोटं बोल असं मी कोणालाच सांगत नाही. खरं आहे ते सांग. फक्त कशाला हात लावतेयस हे माहीत असू दे.

ज्ञानदा : मग तर जास्त अवघड झालं.

रेणू : हो. आला बघ. बारा औंसाचे घेतलेत, त्याच आकाराचे घरी आहेत.

गुरुनाथ : मिळाले. लाइन नव्हती. काय बोलणं चाललं होतं?

रेणू : तुझंच.

ज्ञानदा : काका, एक विनंती करू? प्रस्तावनेत तुम्ही माझं नाव सांगा, किल्ल्याचं सांगा. मण्याचं काही बोलू नका. ते माझ्यावर सोडा. मी नीट सांगते, तुमची मान खाली जाईल असं काही बोलत नाही.

गुरुनाथ : नाही काढणार मण्याचं नाव. शब्द दिला. झालं?

ज्ञानदा : झालं.

(कार्यक्रमानंतर, त्याच गाडीत, परतीच्या वाटेवर. रिकामे ट्रे मागच्या सीटवर.)

रेणू : कुणीतरी बोला. ट्रे वाजतायत तेवढेच ऐकू येतायत.

गुरुनाथ : मी गाडी चालवतोय.

ज्ञानदा : तुम्ही शब्द दिला होता, काका.

गुरुनाथ : दिला होता. माइक हातात आला आणि समोर बघतो तर मागच्या भिंतीपर्यंत लोक उभे. शाळेने दिलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. तोंडातून निघून गेलं.

रेणू : निघून गेलं नाही. तू बराच वेळ बोलत होतास. तेरहून बैलगाडी निघाली, सोपाऱ्याच्या बंदरात मणी जहाजावर चढला, वाटेत वादळही झालं.

गुरुनाथ : वादळ मी ‘झालं असेल’ असं म्हणालो.

रेणू : तेवढं एक ‘असेल’ होतं.

गुरुनाथ : आणि त्यावर हिचं पहिलंच वाक्य, ‘काकांनी आत्ता सांगितलं ते खरं नाही.’ टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. अडीचशे लोकांसमोर.

ज्ञानदा : घरून मी दुसरं वाक्य ठरवून आले होते. ‘सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं’ असं. तुम्ही पुढे वादळापर्यंत गेल्यावर ते वाक्य चालण्यासारखं राहिलं नाही. तिथे तिघं जण व्हिडिओ काढत होते.

गुरुनाथ : आमच्या ग्रुपमधला प्रसाद उठून गेला. ‘मग आम्ही कशाला आलो’ म्हणून गेला. त्याच्यामागे अख्खी ओळ गेली. माझ्यानेही तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन खुर्च्या रचत बसलो.

रेणू : आत दोनशेच्या वर माणसं असताना तू खुर्च्या कुठल्या रचल्यास?

गुरुनाथ : होत्या चार. सोडवून पुन्हा रचल्या.

रेणू : म्हणजे नंतरचं तू ऐकलंच नाहीस. प्रसाद वडे खायला गेला होता. प्लेट घेऊन परत आला आणि दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं त्याने.

गुरुनाथ : काय ऐकलं? मण्यात आता काय उरलं होतं?

ज्ञानदा : मणी मी बाजूलाच ठेवला. गटाराचं सांगितलं. आमच्याकडची माती अशी ओली आणि घट्ट आहे की तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून चामडं, लाकूड कुजत नाही. लहान मुलाचा बूट दाखवला. टाचेकडून झिजलेला.

रेणू : तिथे बायका पुढे येऊन बसल्या. एकीने विचारलं, किल्ल्यात मूल कसं?

ज्ञानदा : मी म्हटलं, सैनिकांची कुटुंबं होती. सैनिक रोमचे नव्हतेच बहुतेक. कोणी स्पेनचा, कोणी सीरियाचा, कोणी आताच्या हॉलंडकडचा. पंचवीस वर्षं नोकरी केली की नागरिकत्व मिळायचं.

रेणू : तेव्हा मागून ग्रुपमधलाच अमेय म्हणाला, ‘आपल्यापेक्षा रांग लहान आहे.’ सगळा हॉल हसला.

गुरुनाथ : हसला?

रेणू : प्रसादसुद्धा. त्याचं ग्रीन कार्ड तेरा वर्षं अडकलंय.

ज्ञानदा : मला ते फारसं आवडलं नाही, खरं सांगू का. आपण लॅपटॉप घेऊन आलो, ते भाले घेऊन गेले होते. तिथल्या लोकांना दाबात ठेवायला पाठवलेलं सैन्य होतं ते. मी तसं सांगितलंही.

रेणू : सांगितलंस, आणि तरी कोणी उठलं नाही. मग लतिकामावशींनी हात वर केला. अमेयच्या आई, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्यांनी विचारलं, ‘नोकरी संपल्यावर ते आपल्या गावी जायचे का गं?’

गुरुनाथ : जायचे?

ज्ञानदा : काही जायचे. पण बरेच तिथेच राहायचे. किल्ल्याच्या दाराबाहेर वस्ती होती, तिथे घर करायचे. पंचवीस वर्षांत बायकामुलं, ओळखीपाळखी सगळं तिथलंच झालेलं असायचं.

गुरुनाथ : आणि दिवसभर काय करायचे? नोकरी सुटल्यावर?

ज्ञानदा : ते नीट माहीत नाही आम्हाला. कोणी दुकान घातलं असेल, कोणी शेती केली असेल. जमिनीत सगळंच उरत नाही.

गुरुनाथ : हं.

रेणू : उजवी लेन घे. एक्झिट जवळ आलंय.

गुरुनाथ : घेतो. ज्ञानदा, मी कप आणायला गेलो तेव्हा रेणूने तुला मार्चचं सांगितलं ना?

ज्ञानदा : हो.

गुरुनाथ : परत आलो तर तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मला तेव्हाच कळलं. आणि हे कळूनही तू स्टेजवर तसं बोललीस.

ज्ञानदा : हो, काका. सोपं नव्हतं. पण बोलले.

गुरुनाथ : पाणी प्यायलीस मध्येच. ते मी दारातून बघितलं.

ज्ञानदा : तुम्ही दारात होतात?

गुरुनाथ : थोडा वेळ. एकनाथला नोकरीचं तू सांगू नकोस. मी सांगेन, रविवारी फोन करून.

ज्ञानदा : बरं.

गुरुनाथ : रेणू, माझ्या फोनवरून सिद्धेशला मेसेज कर. म्हणावं, बातमी आजच्या आज बदल, आणि वर लिही की आधीची चुकली होती. लिंक ज्ञानदाला पाठव, म्हणजे तिला तिच्या बाईंना दाखवता येईल.

रेणू : काय लिहू? नेमकं सांग.

गुरुनाथ : लिही, मणी जर्मनीचा आहे. मुलगी नागपूरची आहे, तेवढं तसंच राहू दे.

रेणू : पाठवला. तिकडे पहाट असेल, तरी त्याने लगेच होकाराचा अंगठा पाठवलाय.

ज्ञानदा : थँक यू, काका.

गुरुनाथ : थँक यू कसलं. मी अजून रागावलेलाच आहे.

ज्ञानदा : चालेल.

रेणू : अमेय निघताना तुला काय विचारत होता गं, एवढा वेळ?

ज्ञानदा : बाहेरच्या लोकांना खोदायला घेतात का, हे. मी सांगितलं, घेतात. दर उन्हाळ्यात घेतात. निवृत्त शिक्षक असतात, नर्स असतात, एक बसचालक आहे, तो गेली कित्येक वर्षं सुट्टी काढून येतो. जागा निघाल्या की काही तासांत भरतात.

गुरुनाथ : शिकलेलं असावं लागत असेल त्यातलं काहीतरी.

ज्ञानदा : नाही. पहिल्या दिवशी हातात थापी देतात आणि माती कशी खरवडायची ते दाखवतात. गुडघे चांगले हवेत.

रेणू : गुडघे बरे आहेत याचे. बेसमेंटचे जिने आहेतच.

गुरुनाथ : मी कुठे काय म्हणालो? माहिती विचारतोय. आणि सापडतं सगळ्यांना काहीतरी?

ज्ञानदा : नाही. बहुतेकांना आठवडाभर नुसती माती. फार तर खापराचा तुकडा.

गुरुनाथ : दिवसभर गुडघ्यावर बसून नुसती माती?

ज्ञानदा : हो.

गुरुनाथ : मग काय करतात ते?

ज्ञानदा : संध्याकाळी थापी धुऊन ठेवतात, आणि सकाळी परत येतात.