एका श्वासाचा हात

—नाही हो, पुढच्या दाराने कशाला, इकडून मागूनच या, बरं पडतं—पायरी सांभाळा, तेल सांडलंय—आणि करवतीचं मशीन त्या बाकावर ठेवा, पट्टी भिंतीकडे करून. हं. हलकं नाहीये ते, मला माहीत आहे, मीच तर गाडीत चढवून दिलं होतं तुमच्या. आणि जरा हळू बोला. बाहेर काउंटरला मुलगी बसलीय—म्हणजे लपवण्यासारखं काही नाही, पण दुरुस्त करून दिलेलं मशीन परत आलं की तिच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी मग मला घरी जेवतानासुद्धा बघावी लागते. तर काय म्हणत होता, तापतंय. पुन्हा तापतंय. मोठ्या ओंडक्याच्या फळ्या पाडायला घेतल्या की निम्म्यावर दमल्यासारखं होतं, बंद पडतं, आणि गार झालं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं. हो, मीच पास केलं होतं. नाही म्हणतोय का मी? मीच केलं होतं, याच बाकावर, तुमच्यासमोर हात ठेवून.

बघू या. घाई नको, घाई केली की रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं—लोक मशीन तापलं की आधी प्लग बदलतात, बिचाऱ्या प्लगने काय घोडं मारलंय? आधी सांगा, भुसा कसा पडतो, पिठासारखा की चांगला जाड कीस? जाड. मग चेन बोथट नाहीये, तुम्ही जोर लावून रेटत नाही. पट्टीला तेल येतंय का—येतंय, ही बघा ओल. ब्रेक कुठे घासत नाहीये, चेन हाताने सरकतेय. आता झाकण काढतो. इंजिनाच्या या बारीक बारीक पात्या दिसतात ना, यांच्यामधून वारा जातो, तेवढंच काय ते त्याचं गार होणं. यात भुसा आणि झाडाचा चीक बसला की झालं, माणसाला भर उन्हात घोंगडी पांघरल्यासारखं. पण इथे काहीच नाही. चकचकीत. मी काड्या घालून साफ केलं होतं, ते काम मी डोळ्यांनी करतो. डोळे अजून शाबूत आहेत माझे.

चालू करतो, कान द्या. आता मी हा खटका दाबला—आणि सोडला. ऐकलंत? सोडल्याबरोबर आवाज खाली यायला पाहिजे. हे येत नाही, रेंगाळतंय, शाळेतून घरी जायचं नसलेल्या पोरासारखं. म्हणजे हवा चोरतंय कुठून तरी. हवा जास्त आत गेली की पेट्रोल कमी पडतं, आणि वंगणाचं तेल असतं पेट्रोलमध्येच मिसळलेलं, तेही कमी पडतं—मग आतून कोरडं जळतं. थांबा, बंद करतो. ती चोरी बहुतेक इथे, या कार्ब्युरेटरच्या मागच्या रबरात होते. हे काढलं बघा. दिसायला कसं आहे? नवं. मलाही नवंच दिसलं होतं. यातला तडा डोळ्याला दिसत नाही हो, मिटून बसलेला असतो, तो बोटाला लागतो. आतून बोट फिरवायचं, हळूच, डोळे मिटून—तुम्ही फिरवा. नाही, तुम्हीच फिरवा, माझी बोटं तेलकट आहेत. तुमची? बरं, तुमचीही तेलकट आहेत, पण फिरवा. लागलं? कुठे? खालच्या अंगाला. नखाएवढा. हं.

मागच्या वेळी मीही फिरवलं होतं बोट. सगळं गुळगुळीत होतं.

असं बघू नका माझ्याकडे. बसा त्या खोक्यावर, नवं रबर आहे माझ्याकडे, टाकतो. झाडं पाडायचो मी आधी, हे दुकान नंतरचं. आमच्या टोळीत एक मुकादम होता, आम्ही त्याला बोका म्हणायचो, मिशांमुळे, त्याच्या तोंडावर नाही अर्थात. त्याचा नियम होता—मशीन चालवून बंद करायचं, इथे बाजूच्या झाकणावर तळहात टेकवायचा आणि एक श्वास घ्यायचा. पूर्ण, आत आणि बाहेर. तेवढा वेळ हात राहिला तर मशीन ठीक. आधीच उचलावा लागला तर मशीन खाली ठेव, झाड उद्याही तिथेच उभं असेल. तोच नियम मी इथे आणला. गिऱ्हाइकं त्याच्यासाठीच यायची, काका, तुमचा हात ठेवा म्हणायची, मगच मशीन न्यायची. एक श्वास, चालेल, न्या. मुलीने आता ती बंदूक आणलीय, त्या खणात आहे, लांबून रोखली की आकडा दाखवते, किती तापलंय ते. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने ती खणात ठेवून दिली. वेष्टनही काढलं नाहीये अजून, मी तरी काढलं नाही.

तो पेचकस द्या जरा. तो नाही, आखूड. पडला काय, असू दे, मीच पाडला. दिवसातून दहा वस्तू पडतात माझ्या हातून, मोजत कोण बसतंय. आमच्या धंद्यात सगळ्यांना होतं हे—मशीन अख्खं आयुष्य हाताला थरथरवतं ना, मग आधी गारठ्यात बोटं पांढरी पडतात, शेंड्यापासून, खडूसारखी. मग मुंग्या येतात. मग मुंग्याही जातात. तेव्हा वाटतं, बरं झालं बाबा, गेलं दुखणं. फायदेही आहेत, गरम भांडं फडक्याशिवाय उतरवतो मी, सुनेसारखा कामाला येतो घरात. बटणं तेवढी लागत नाहीत. माझ्या अंगात कधी बटणाचा सदरा पाहिलाय का तुम्ही? आमची ही होती तोवर तीच लावायची बटणं, बोलता बोलता लावून मोकळी व्हायची, मला कळायचंही नाही कधी लावली. आता हे वरून डोक्यातून घालायचे सदरे. तेही बरे आहेत.

मुलीला माहीत नाही. म्हणजे मी ताकास तूर लागू दिलेली नाही. तिचं आणि माझं ठरलंय, जोवर हात चालतोय तोवर बाक माझा. पण आता मशिनं परत येऊ लागली. म्हणजे तुमचं, आणि आधी एक—त्या माणसाचं पेट्रोलच खराब होतं, असं मी म्हटलं. मग परवा एक कारागीर येऊन गेला. चांगला माणूस, नम्र. पण माझ्या बाकाकडे असा बघत होता, भाड्याची खोली बघायला आल्यासारखा, खिळा कुठे मारावा वगैरे. मुलगी म्हणाली, बाबा, आणखी एक मशीन परत आलं ना, की याला ठेवून घेऊ, तुम्ही घरी आराम करा. तर ते आणखी एक म्हणजे तुमचं. म्हणून मागच्या दाराने घेतलं तुम्हाला. घरी मी काय करू? घरी खुर्ची आहे एक, खिडकीजवळ. तिथे बसलं की समोरची भिंत दिसते.

झालं. बसलं रबर. आता हा ओंडका कापून बघू, जरा लांब व्हा, कान झाका—

हं. बघितलंत? खटका सोडल्याबरोबर आवाज खाली आला. हा आवाज बरोबर आहे. बंद केलं. आता हात. तुमच्यासमोर ठेवतो, म्हणजे तुमच्याही मनात काही राहायला नको—इथे, बाजूच्या झाकणावर, पुढे सायलेन्सरला लावायचा नाही कधी, तिथे चामडी चिकटून राहते. हा टेकवला. एक श्वास. चालेल. आता खरं सांगू का, मला काहीच कळत नाहीये. गार आहे का गरम आहे, झाकण आहे का उशी आहे. तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून सांगतो. मी आवाजावर आणि वासावर चालवतो सगळं, आणि हात ठेवतो तो गिऱ्हाइकासाठी. माझा हात आता कितीही श्वास राहतो.

दवाखान्यातही असंच बसलो होतो. हिच्या खाटेजवळ, हिचा हात हातात घेऊन, सकाळपासून. झोपलीय म्हणून बोलतही नव्हतो, उगाच जाग नको. मुलगी खिडकीशी उभी होती. मग ती नर्स आली, तिने हिच्या मनगटाला हात लावला आणि मला म्हणाली, काका, सोडा आता हात. मी म्हटलं, का, झोपलीय ती. नर्स म्हणाली, हात गार पडलाय हो यांचा, मघाशीच, तुम्हाला कळलं नाही का? कळायला पाहिजे होतं. बायकोचा हात हातात गार पडतो आणि माणूस तसाच बसून राहतो, दगडासारखा. रडूही नाही आलं मला, अजून आलेलं नाही, लोकांना वाटलं खंबीर आहे. मुलगी मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ती माझ्या हातांकडे बघत होती—आणि ती बंदूक, हो, ती त्यानंतरच आली की हो. हिचे दिवस-कार्य झाल्यावर लगेच. हे आत्ता बोलता बोलता लक्षात आलं माझ्या. म्हणजे तिला—

हा वास कसला येतोय? तुम्हाला येतोय का? थांबा, बोलू नका, वास मला बरोबर कळतो. तेल नाहीये हे, तेल जळलं की घशात लागतं. रबर नाही. रबराचा वास काळा असतो. प्लास्टिक म्हणावं तर डोळे चुरचुरले असते. लाकूडही नाही. काहीतरी केस जळल्यासारखं, पण केस कुठून—काय? काय झालं? कुठे बघताय तुम्ही?

अच्छा.

बोलता बोलता पुढे सरकला वाटतं.

नाही, दुखत नाहीये. खरंच नाही. ओढू नका, मी उचलतो—असा चिकटतो थोडा. बसा तुम्ही, ओरडता कशाला, आता बघा आलीच ती. ये. काही नाही गं, घाबरू नकोस. हो, हात. हो, सायलेन्सरवर. हे आपलं गिऱ्हाईक, यांचं मशीन परत आलंय, रबराला तडा होता, मला लागला नाही. नळ नंतर, नळ पळून जात नाही. आधी तो खण उघड. ती बंदूक काढ. वेष्टन फाड. आता धर इथे, झाकणावर, आणि आकडा यांना सांग, मला नको सांगूस.

न्या तुम्ही मशीन. इकडून नको आता—पुढच्या दाराने जा.