स्प्रिंगांची सायकल

माझा जन्म बागबाजारातला. आजोबा शिक्षक म्हणून कलकत्त्याला आले ते इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर बंगाली, आता बोलताना मध्येच एखादा बंगाली शब्द आला तर सांभाळून घ्या. मी सुईण. म्हणजे शिकलेली, प्रसूतिकेंद्रातली, सायकलवरून घरोघर जाणारी. साडी नेसून सायकल चालवते म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे, मी जोरात घंटी वाजवायची, की व्हायचे बाजूला.

तर एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला माझी कंबर गेली. आमच्याकडचा रस्ता दगडी, त्यात ट्रामचे रूळ, एकेक दगड कमरेला कळायचा. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा, नाहीतर खाट धराल. केंद्रातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, इथेच बसा, नोंदी लिहा, महिनाअखेर काय ते सांगा. भल्यासाठीच म्हणाल्या हो, पण मला रडूच आलं. मूल हातात येतं, पहिलं रडतं, आई विचारते काय झालं, ते सगळं सोडून मी नोंदी लिहीत बसू?

आमचे हे खिदिरपूरला गोदीत फिटर. तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण एका बोटीवरचा म्हातारा इंजिनिअर कायमचा घरी निघाला, त्याच्याकडून त्याची सायकल रीतसर मागून आणली. चाकं लहान, मधली दांडी खाली, पुढे स्प्रिंग, मागेही स्प्रिंग. काय सांगू तुम्हाला, रविवारभर हे त्या सायकलीपाशी, तेल घाल, पूस, आवळ. म्हणाले, आता कमरेला धक्का लागला तर मला सांग.

आणि लागला की! पहिल्याच दिवशी, जुन्या सायकलीहून जास्त. एका बाळंतिणीच्या दारात ओट्यावर बसले आणि ठरवलं, संपलं आपलं, बाईंना हो म्हणून टाकायचं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, छान. इतक्या हौसेने केलेलं, कसं सांगू? चार दिवस मी छान छान म्हणत होते आणि पाठ फिरली की कंबर चोळत होते.

पाचव्या दिवशी चाक पंक्चर झालं. कोपऱ्यावर नितायदाचं सायकलदुरुस्तीचं दुकान, त्याने सीट तळव्याने दाबून बघितली आणि हसायलाच लागला. म्हणाला, दिदी, ह्या स्प्रिंगांना झोपवलं कोणी? ह्यांनी नट पार शेवटपर्यंत आवळले होते, सायकल नुसती दगड झाली होती! त्याने ते सैल केले. मी बसले तर सायकल माझ्याखाली खचली, मी घाबरून उडीच मारली, म्हटलं मोडली! तो म्हणाला, मोडली नाही, बसा, आणि रूळ आले तरी उठू नका.

आता आम्ही इथले सायकलवाले, रूळ दिसले की सीटवरून उठायचं हे अंगातच मुरलेलं. मी उठले, तर सायकल खालीवर डोलायला लागली, पडता पडता वाचले. पुढच्या रुळाला मात्र दात घट्ट आवळून बसून राहिले. खाली चाकाचा धडधड आवाज झाला, आणि मला काही नाही. काहीच नाही हो! मागे वळले, परत तेच रूळ ओलांडले, मग परत. भर रस्त्यात एकटी हसत होते.

घरी आल्यावर ह्यांना खरं सांगून टाकलं. ह्यांनी जाऊन सीट दाबून बघितली. मग म्हणाले, अगं, गोदीत एक नट सैल राहिला तर माणूस मरतो, तुझ्या सायकलीचा सैल कसा ठेवू? मला एवढं भरून आलं की चिडायचं राहूनच गेलं.

बाईंना मी नाही म्हणून सांगितलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण फेरी चालू आहे, देवाच्या दयेने परवाच एका घरी जुळं सुखरूप आलं. आणि हे अजून रोज सकाळी हातात पाना घेऊन दारात येतात, सीट दाबून बघतात, खाली गेली की पाना खिशात घालतात आणि म्हणतात, हं, नीघ आता.