गुंडातला माणूस

२०१९ साली अहेरीच्या बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी यायची होती. माझ्या शेजारी सुगंधाबाई आणि चित्रकला शिकणारी त्यांची मुलगी करिश्मा. करिश्माच्या मांडीवर लाकडात कोरलेला ठसा अन् त्याचा काळापांढरा छाप, चित्र एका गुंडाचं, म्हणजे पाणी भरायच्या चकचकीत पितळी घड्याचं.

“घासून घासून माह्ये हात गेले, अन् तू गुंडावर डाग काढला?”

“डाग नाई माय, बाबा आहे. गुंडात आपलं दार दिसते, दारात बाबा.”

“सोडून गेला त्याले काऊन घेतला? चंद्रपूरच्या प्रदर्शनात लोकं पाह्यतीन. काढ, गाडी यायच्या आत.”

“ठशात कोरलं तिथी नव्या छापात पांढरं येते. बाबाच्या जागी नुसता उजेड दिसंल.”

“दिसू दे.”

“मंग परत भरता येत नाई.”

“थांब व. हा कव्हाचा?”

“गेला त्या दिवशीचा. तू चुलीपाशी, दाराकडे पाठ. मी गुंडातच पाह्यलं. लय वेळ उभा होता.”

“मले वाटलं, तवाच गेला.”

“तू वळलीच नाई.”

सुगंधाबाईंनी छाप जवळ ओढून पाहिला; करिश्माने कोरायचं हत्यार उचललं.

“गाडी आली. काढू काय?”

“ठेव ते हत्यार. बोट कापशीन.”

बाबासकट छाप चंद्रपूरच्या प्रदर्शनात लागला. पुढे आमची ओळख वाढली. करिश्मा आता नागपुरात शिकवते. तिचे बाबा परतले नाहीत. सुगंधाबाईंनी चूल हलवली. आता दाराकडे तोंड करून रांधतात.