पाहुण्यांपुरती करवत

—अहो, होईल सुरू, जरा दम धरा साहेब! कपाळाला आठ्या घालून करवत फिरत नाही. तोवर डोंगर बघा—इटलीतल्या काराराचा संगमरवर आहे, निम्म्या जगाचे देव नि संत इथूनच गेलेत—हे मला पाठ करायला लावलंय. पाठ न केलेलं सांगू? आता बराचसा डोंगर दळून टूथपेस्टमध्ये जातो. सकाळी बेसिनमध्ये एखादा संत थुंकून आला असाल तुम्ही! हसा, हसा—सगळे हसतात, मग फोटो काढतात.

काय? एवढी शांतता कशी? असणारच. काल पलीकडच्या खाणीत सिल्वानो गेला, दगड सरकला अंगावर. आणि आमच्यात रीत आहे—माणूस गेला की अख्ख्या डोंगरात काम बंद, त्याला माती देईपर्यंत कुणी यंत्राला हात लावत नाही, मग खाण कुणाची का असेना. पण तुमच्या तिकिटावर 'चालू खाण' छापलंय ना! मालक म्हणाला, लोरेदाना, पाहुण्यांपुरती एक करवत फिरवायला सांग, ते गेले की करा पुन्हा दुःख. पुन्हा करा म्हणाला हो, जसं काही दुकान उघडायचंय!

मी काय बोलणार? ही जीप त्याची, रस्ता त्याचा. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं—तो बघा वर, करवतीपाशी, पिवळ्या जाकिटातला, आदेल्मो—म्हटलं, दाब की बटण, मेलेल्याला काय ऐकू येतंय? असं बोलले मी. सिल्वानो आमच्या लग्नात साक्षीदार होता, आदेल्मोच्या शेजारी उभा, त्याच्यापेक्षा जास्त रडला होता मेला... आदेल्मो कॉफी तशीच ठेवून वर गेला.

तुम्हाला काय त्याचं! फोन धरा वर. नंतर खाली गावात लार्दो खाऊ—डुकराची चरबी हो, संगमरवराच्या हौदात मुरवलेली—नाक मुरडू नका, आधी खा. थांबा, थांबा, उठला तो! आता बघा, आता—

हेल्मेट का काढतोय हा? अरे... बटण तिकडे आहे, तिकडे! खाली कुठे निघालास? आदेल्मो! मालक जीप काढून घेईल आपल्याकडून, वेड्या, खायचं काय मग—

रडतोय तो.

तुम्ही काय रेकॉर्ड करताय? ठेवा तो फोन खिशात. खिशात ठेवा म्हणते ना! सुरू नाही होणार काही. मालकाला काय सांगायचं ते खुशाल सांगा, माझं नावही सांगा. आता मागे जाऊन बसा. पुढची जागा मोकळी करा—माझा नवरा येतोय.