डोंगरावर बर्फ असताना टोमॅटो

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं उना, तू होय. बोल… नाही, बागेत होते, धावत आले म्हणून धाप लागलीये… गुरुवार. गुरुवार, अठरा सप्टेंबर. का गं, होबार्टात कॅलेंडरं मिळत नाहीत का?… बरं, बरं. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

डेन्झिल? बाहेर आहे… बाहेर म्हणजे अंगणात… आत्ता नको, कामात आहे. तुझा भाऊ वसंतात कधी फोनवर आलाय का?… सांगते ना, बहिणीचा फोन होता म्हणून. करेल तो नंतर.

बाग? छान आहे बाग. एकदम छान. वाटाणे वीतभर वर आलेत. बटाट्यांना मोड आलेत, पाहुण्यांच्या खोलीत पलंगभर अंड्यांचे ट्रे मांडून ठेवलेत. जोसलिन आली की तिला कुठे झोपवायचं देव जाणे. आईबापांकडे आलेल्या मुलीला बटाट्यांनी बाहेर काढलं, असं सांगत फिरेल ब्रिस्बेनभर… हो, शनिवारी येतेय ती.

हिवाळाभर आम्ही दुसरं केलंय काय? जेवण झालं की टेबल पुसायचं आणि बाग मांडायची… काटेचमच्यांची गं. काटे म्हणजे वाटाणे, चमचे म्हणजे बटाटे, सुऱ्या म्हणजे टोमॅटो. मिठाची बाटली म्हणजे पाण्याचा नळ. तो मांडायचा, मी बघत बसायची. कधी तो सुऱ्या चुकून बागेत भिंतीची सावली पडते त्या जागी ठेवायचा, मग मी भांडी उचलता उचलता हळूच उन्हात सरकवायची… नाही, त्याला कळायचं नाही. कळत असलंच तर बोलायचा नाही.

उना, ऐक ना. तुझ्याकडे जुन्या चादरी आहेत का?… जुन्या, फाटक्या, कसल्याही. पडदे असले तरी चालतील… असतील तितक्या. आणि दुधाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या, बूड कापून… हो, रोपांवर पालथ्या घालायला… कसली म्हणजे? रोपं… वाटाण्यांना कशाला चादर लागतेय.

टोमॅटोंना.

… हो… हो, मला माहितीये सप्टेंबर आहे. आत्ताच सांगितला ना तुला.

उना, आवाज चढवू नकोस. मलाही दिसतोय डोंगर, मी खिडकीपाशीच उभी आहे. अर्ध्यापर्यंत पांढरा आहे. रेडिओवर सांगितलंय, रात्री सगळ्या खोऱ्यात दव गोठणार, सखल भागात जास्त. आणि आम्ही किती सखल भागात आहोत ते तुला काय सांगायचं, तू इथेच वाढलीस… सगळी. एकूण एक. काचघरात रिकाम्या कुंड्या राहिल्यात फक्त.

मी? मी कशाला लावीन? लग्न होऊन आले त्या वर्षी मी एकच रोप दोन दिवस आधी बाहेर ठेवलं होतं, तर तुझी आई माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. शोच्या दिवशी सकाळी टोमॅटो लावायचे, हात धुवायचे आणि दुपारी होबार्टच्या मैदानावर शोची शेतकी जत्रा बघायला जायचं. ऑक्टोबर संपता संपता, थंडी पुरती गेल्यावर. त्याच्या आधी नाही, शेजाऱ्यांनी लावले तरी नाही. तुमच्याच घरचा नियम तो, मी मोडीन होय?

त्याने लावलेत. आज सकाळी.

… मी उठले तर हा दाढी करून बसलेला. चहा तयार. मला म्हणाला, ऊठ ग्लेनिस, शोचा दिवस आहे. मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, बरं बाबा, आणि कूस बदलली. तिथे चुकलं माझं. उठून बाहेर आले तोवर अर्धा वाफा लावून झाला होता… वार बरोबर आहे गं त्याचा. शोला गुरुवारच असतो. महिना तेवढा…

आणि लावलेत कसे, बघायला ये तू. दोरी ताणून सरळ ओळी. खड्ड्यात मेंढीचं खत, वर माती, मग रोप, अर्धा देठ पुरून. काठ्या आधीच ठोकलेल्या. रोपं खायला वॉलबी शिरू नयेत म्हणून जाळीची खालची कडसुद्धा दगडांनी दाबलीये. एक चूक काढून दाखव मला. हातांना सगळं ठाऊक आहे त्याच्या.

आता?… आता तो गाडीत बसलाय.

गाडीत. अंगणात उभी आहे तिच्यात. शोचं जाकीट घातलंय, टाय लावलाय. लाकूडतोडीची शर्यत चुकेल म्हणतो… नाही, किल्ली माझ्या खिशात आहे. तो किल्ली मागतही नाही. त्याला वाटतंय मी तयार होतेय. बायकांना वेळ लागतोच, म्हणून बसलाय आपला… दिसतोय ना मला इथून. काचेवरची धूळ पुसतोय आतून, रुमालाने.

काढायला गेले होते ना. तुला काय वाटतं, मी नुसती बघत बसले? पहिलं रोप उपटलं तोच खाली उतरून आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्या हातातलं खुरपं घेतलं, रोप होतं तिथे परत लावलं, भोवतीची माती अंगठ्यांनी दाबली, आणि मला विचारलं, "ग्लेनिस, तुला बरं वाटत नाहीये का?"

… काळजीने गं. मी त्याला विचारते ना रोज, अगदी तसंच.

मग मी शेडमध्ये गेले, गोणपाट मिळतंय का बघायला. उंदरांनी खाल्लंय सगळं… विजेची चादर? तेही आलं मनात. वायर पोचते वाफ्यापर्यंत. टोमॅटोंना आमच्या पलंगावरची गरम चादर आणि आम्ही दोघं कुडकुडत. हसू नकोस, मी खरंच मोजून बघितलं.

हे बघ, मी काय म्हणते ते नीट ऐक. तुझ्या काचघरात रोपं आहेत ना? अर्धी दे मला. ही उद्या सकाळी काळी पडलेली असतील, ती मी उपटून टाकीन आणि तुझी आमच्या कुंड्यांत लावून काचघरात ठेवीन. जणू तिथेच होती. वाफा मोकळा, माती तयार, शोच्या दिवसाची वाट बघतोय… जोसलिन शनिवारी येणार, तोवर होतं सगळं… त्याला? त्याला मी सांगीन काहीतरी. कदाचित सांगावंही लागणार नाही.

… कारण तुला माहितीये काय ठरलंय. जुलैत ती इथे याच टेबलाशी बसून म्हणाली, बाबांनी या वर्षी बाग स्वतःची स्वतः केली, नाताळच्या जेवणात त्यांचे टोमॅटो आणि त्यांचे बटाटे ताटात दिसले, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी ब्रिस्बेनचं नाव काढणार नाही. नाही दिसले तर घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं… हो, मागच्या अंगणात खोली बांधलीये. चांगली आहे, मी कुठे वाईट म्हणतेय? न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, पायऱ्या नाहीत, सगळं आहे. पण तिथे टोमॅटो हिवाळ्यात लावतात, उना. तिथे ना डोंगर ना बर्फ. बारा महिने एकच ऊन. तिथे तो कशाकडे बघून काय ठरवणार? इथे निदान चुकतो तेव्हा कळतं तरी की चुकलाय.

नाही. तिला नाही सांगायचं… खोटं कुठे बोलतेय मी? रोपं बदलणं हे काही खोटं बोलणं नाही… तुला चालेल का तो इथून गेलेला? सांग ना. तुझाच भाऊ आहे, वर्षातून दोनदा भेटायला येतेस म्हणून तुला… बरं. माफ कर. नको होतं बोलायला… नाही, खरंच. तू येतेस. मला माहितीये तुझ्या गुडघ्यांचं.

… काय?

… कोणी केला?… जोसलिनने तुला? कधी?… आज सकाळी… नाही, मी इथे नव्हते, मी शेडमध्ये होते म्हटलं ना. तेवढ्यात त्याने… त्याने तिला फोन केला?… हो, नंबर पाठ आहे त्याला. सगळ्यांचे पाठ आहेत.

काय म्हणाला तिला?… उना, गाळू नकोस. जे म्हणाला तेच सांग.

… की मी रोपं उपटतेय… की आज शोचा दिवस आहे हे मला आठवत नाहीये… हं… की गेले काही महिने मी टेबलावरच्या सुऱ्या इकडच्या तिकडे करते…

… की घाबरू नकोस, मी तिला सांभाळून घेईन.

असं म्हणाला?

… आहे मी. ऐकतेय… नाही, रडत नाहीये. हसतही नाहीये.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून वार विचारलास. दोघांपैकी कोणाचं बिघडलंय ते बघायला… आणि मी तुला इकडे वाटाणे वीतभर आलेत म्हणून सांगतेय… नाही गं, तुझ्यावर नाही रागावले. तिच्यावरही नाही. मी तिच्या जागी असते तर मीसुद्धा आधी आत्यालाच फोन केला असता.

तिकीट बदललं तिने?… उद्याचं. सकाळचं.

… मग राहू दे चादरी… राहू दे म्हटलं ना. रोपंही राहू दे. कोणाला दाखवायची आता?

उना, पण तो चांगला आहे गं. रात्री झोपतो. अंघोळ स्वतः करतो. पैसे हरवत नाही, शेगडी चालू ठेवत नाही. नुसता एक दिवस पाच आठवडे आधी आला, एवढंच झालंय. तू सांग ना तिला, तुझं ऐकते ती. सांग की बाहेर ऊन होतं, वारा पडला होता, असल्या दिवशी कोणालाही मोह होईल. सांग की तूसुद्धा एकदा… नाही लावलेस तू. माहितीये मला. तुम्ही कोणीच कधी लावले नाहीत आधी. म्हणून तर तिला लगेच कळलं.

मी एकटी नाही करू शकत, उना. हे मी कोणाला म्हटलं नाहीये अजून. हिवाळाभर त्याच्या मागे मागे करत होते सगळं. त्याने बी पेरलं की मी जाऊन बघायची, पेरलंय की नुसतीच माती सारखी केलीये. मला बागेतलं काही कळत नाही, मला ती आवडतही नाही. नुसता नाताळ यायला हवा होता मला. नाताळचं एक ताट. त्याच्यापुढचा मी विचारच…

थांब. गाडीचं दार वाजलं.

… येतोय. पाय पुसतोय बाहेर… काय रे?… हो, उना आहे… हो, झालंच.

उना, तो माझा कोट घेऊन आलाय. दाराच्या मागे होता, निळा… घालते रे, थांब जरा, फोन आहे ना हातात… नाही, तो धरून उभा आहे, बाही पुढे करून. हं. घातला एक हात… आता दुसरा… थांब, कान बदलते.

… तो म्हणतोय, गर्दीत माझा हात सोडू नकोस, हरवशील.

… आहे मी. आहे.

उना, ऐक. मी त्याला नेते… शोला… मला माहितीये मैदान बंद आहे. सप्टेंबरात काय असणार तिथे, कुलूप आणि गवत… नाही, वाटेत विसरणार नाही. आज नाही विसरायचा. बघ ना कसा उभा आहे.

तू तिथून किती जवळ राहतेस. फाटकापाशी जाऊन उभी राहा… तिथे कोणी नसणार म्हणूनच तर सांगतेय. त्याला आपलं एक माणूस तरी आलेलं दिसू दे. आणि मग तू सांग त्याला, आज बंद आहे म्हणून. मी सांगून उपयोग नाही, मला बरं नाहीये ना. मोठ्या बहिणीचं ऐकेल… नाही, महिना नको सांगूस. का, कधी, काही नको. नुसतं बंद आहे म्हण, आणि चहाला घरी ने आम्हाला.

जोसलिनला मी सांगीन. विमानतळावर घ्यायला मीच जाईन, गाडीतच सांगीन… सगळं. मला जमत नाही, हेसुद्धा… नाही, तू नाही. मी.

हो रे, आले. आले ना… उना, तो फोन ठेव म्हणतोय. म्हणतोय, तिच्याशी कशाला बोलत बसलीस, ती तिथे भेटेलच.

ऐकलंस?… मग नीघ तू. ठेवते.