चोपदाराबरोबर तळ्याची सैर

...आणि वर त्याला म्हणे सैर म्हणायचं. सैर कसली डोंबलाची? बुडाखाली ओली फळी, आपल्या गुडघ्याला दुसऱ्याचे गुडघे, डोक्यावर ऊन, आणि समोर एक माणूस ओरडून ओरडून आपल्याला आपलंच गाव दाखवतोय... ह्याला सैर म्हणतात? तुम्हाला सांगतो, पाणी काठावरून बघावं माणसानं. पोटभर बघावं, वाटलं तर हात जोडावेत आणि घरी जावं.

हसा, हसा. तुम्ही बसला नाहीत त्या होडीत म्हणून हसताय. मी बसलोय. तेही हौस म्हणून नाही. मला हौस बिलकुल नव्हती, मला मुलगी होती.

तुम्ही सगळे मला ओळखता, पण ते मागे खांबाला टेकलेले पाव्हणे नवे दिसतात, म्हणून सांगतो. मी गणपतराव, थोरल्या पातीच्या फराशखान्यात. म्हणजे गाद्या, लोड, तक्के, सतरंज्या. दरबार भरायचा झाला की कोण कुठं बसणार, कोण आधी बसणार, कोणाला लोड मिळणार आणि कोणाला नुसतीच भिंत, हे सगळं मला पाठ. आणि पाव्हणे, आपल्या ह्या देवासात गाव एक आणि गाद्या दोन, म्हणजे राजे दोन, दरबार दोन. रस्त्याच्या ह्या अंगाला आम्ही थोरली पाती, त्या अंगाला ती धाकटी पाती. भांडण नाही हो. भांडण कसलं? फक्त आम्ही थोरले आहोत, एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं की झालं. ते ठेवत नाहीत.

तर माझी इंदू. पोरगी लाखात एक, कामाला वाघ, पण एक खोड. बोलते. मनात आलं की बोलते, समोर कोण आहे ते बघत नाही. एका ठिकाणी मुलाच्या आजोबांना म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नसेल तर मी मोठ्यानं सांगते." दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या काकांनी कांदेपोहे नावाजले तर म्हणाली, "ते आईनं केलेत, मला इतके चांगले येत नाहीत." दोन्हीकडून नकार. सोयऱ्याधायऱ्यांत बोभाटा झाला की गणपतरावांची मुलगी बोलते. आता बोलते म्हणजे काय, चावते का? पण तिची आई, आमच्या उमाबाई, त्यांनी तेव्हापासून नीट जेवण म्हणून केलं नाही. मीही नाही. म्हणजे जेवलो, पण जीव लागला नाही.

आणि अशात स्थळ आलं ते कुणाचं? जगदेवरावांच्या मुलाचं. मुलगा सोन्यासारखा, इंदूरला छापखान्यात नोकरीला. पण बाप? धाकट्या पातीचा चोपदार. दरबारात हातात काठी घेऊन उभं राहायचं आणि गळा फाडून ललकारी द्यायची, हा धंदा. उभं राहून राहून त्या माणसाच्या कमरेला वाकायची सवयच गेलेली. देवळातसुद्धा देवीपुढे असा उभा राहतो की देवीनं आपण होऊन पुढं यावं.

आता मुलगी दाखवायची कुठं? रीत म्हणजे मुलीच्या घरी. तर निरोप आला, "चोपदार थोरलीच्या हद्दीत काठीशिवाय येणार नाही." मी उलट निरोप धाडला, "धाकटीची काठी थोरलीच्या हद्दीत येणार नाही." झालं. महिनाभर मुलगी इकडे, स्थळ तिकडे, मध्ये रस्ता. शेवटी जगदेवरावांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, तोड काढली. म्हणाल्या, तळ्यात नवी होडी आलीय, तिथंच बसून बघू मुलगी. पाणी काय कुणाच्या पातीचं नसतं. इथंच मला कळायला हवं होतं. पाणी काठावरून बघावं माणसानं, पण गरजवंत मी, गेलो.

ती होडी म्हणजे मानाजीची. हा मानाजी आपल्याच गल्लीतला, पण काही वर्षं मुंबईच्या बंदरावर हमाली करून आला आणि तिथं कुठं साहेबलोकांना होडीतून फिरवून बंदर दाखवतात ते बघून आला. आला तो नर्मदेवरून, नेमावरहून, एक जुनी होडी बैलगाडीवर घालूनच आला. वर चांदवा बांधला, बसायला फळ्या मारल्या, आणि डोक्याला खलाशाची टोपी. पाऊस नुकताच सरलेला, तळं काठोकाठ भरलेलं. आम्ही गेलो. उमाबाईंनी वाटेत इंदूला बजावून बजावून सांगितलं, "होडीत चढल्यापासून उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विचारलं तर मान हलव." पोरगी म्हणाली, "आणि शिंक आली तर?" बघा.

काठावर जगदेवराव आधीच उभे. उभेच असणार, दुसरं काय येतं? हातात काठी. भवानीबाई शेजारी, पदरात भाजलेले चणे. मुलगा इंदूरलाच, बघायचं ते आईबापांनी. रामराम झाला. आणि मग होडीत पाय कुणी आधी टाकायचा?

तुम्हाला गंमत वाटते. मला फराशखान्यातल्या माणसाला घाम फुटला. ते वराकडचे, म्हणून मान त्यांचा. मी थोरल्या पातीचा, म्हणून मान माझा. मी म्हटलं, "चला, पुढं व्हा." ते म्हणाले, "छे छे, थोरलेपण तुमच्याकडे." आता हे मानानं म्हणाले की टोचून म्हणाले? चोपदाराचं कळत नाही, सगळं एकाच सुरात. मानाजी कंटाळला. म्हणाला, "भिया, ही होडी है, पालखी नहीं. चढो फटाफट." आणि ह्या गोंधळात भवानीबाई चणे खात खात सरळ जाऊन बसल्यासुद्धा.

बसल्यावर दुसरी पंचाईत. उजवी बाजू मानाची. ते उजवीकडे बसले, मीही उजवीकडे बसलो, होडी उजवीकडे कलली. मानाजी ओरडला, एक जण इकडे या. कोण जाणार? शेवटी मीच शोधून काढलं, शेवटी धंदा आहे माझा. वल्ही मारणारा बसतो उलट्या तोंडानं, म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी. म्हटलं, "जगदेवराव, तुम्ही नावाड्याच्या उजवीला बसा, मी होडीच्या उजवीला बसतो, दोघंही उजवीकडेच." त्यांनी विचार केला, काठी आपटली, आणि मान्य केलं. मला वाटलं, जिंकलो. मूर्ख मी.

मग सुरू झालं मानाजीचं. "देखो साब, डाव्या हाताला धोबीघाट." अरे, माझंच धोतर वाळतंय तिथं, मला काय दाखवतोस? "उजव्या हाताला पुराना वड." त्या वडाखाली मी लहानपणी सूरपारंब्या खेळलोय. "वर बघा, माताजीची टेकडी." आता टेकडी म्हणजे, देवासात राहून टेकडी न बघायची असेल तर आंधळं व्हावं लागतं. आणि प्रत्येक गोष्टीला शेपूट, "मुंबईत असंच है, पण मोठं." धोबीघाट मुंबईत मोठा. वड मुंबईत मोठा. बगळा दिसला, तर बगळासुद्धा मुंबईत मोठा. मी म्हटलं, मग तिथंच का नाही राहिलास? तर म्हणतो, "भिया, वहाँ माणूस लहान है." आणि जगदेवराव हसले. माझ्याकडे बघून हसले.

पण इंदू गप्प होती बरं का. मान खाली, हात मांडीवर. भवानीबाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो? मान हलली. शिवण येतं? मान हलली. उमाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. मलासुद्धा वाटलं, जुळतंय. आता मुकाट्यानं काठाला लागू दे, देवीची ओटी भरतो. तळ्याच्या मध्यावर होतो. पाणी काळंभोर. मानाजी सांगत होता की इथली खोली आजवर कोणाला कळलेली नाही, आणि हे तो आनंदानं सांगत होता.

तेवढ्यात काठाच्या रस्त्यावरून धाकट्या वाड्यावरची बग्गी निघाली.

आणि चोपदार उभा राहिला.

होडीत! भर तळ्यात! ताडकन उभा, काठी खडी, छाती पुढं, आणि दिली ललकारी. बगळे उडाले. बरं, बग्गीत कोण होतं? कोणी नव्हतं. रिकामी बग्गी, घोड्यांना पाणी पाजायला नेत होते. हाकणारा विडी ओढत होता, तो दचकला.

आता तुम्ही म्हणाल, एक येडा उभा राहिला, राहू द्या, तुम्ही का उठलात? का म्हणजे? मुलाचा बाप उभा असताना मुलीच्या बापानं बसून राहायचं? कुठल्या घरात बघितलंत असं? मी उठलो. मी उठलो म्हणून उमाबाई उठल्या. होडी हलायला लागली. मानाजी आपली मुंबई विसरला आणि थेट आईच्या भाषेत आला, "बेठी जाओ रे भिया, बेठी जाओ, डूबी जावांगा!" बग्गी गेली वळणाआड. म्हटलं, आता बसेल. तर जगदेवराव बसायला वळले आणि त्यांनी बघितलं की मी उभा. थोरल्या पातीचा माणूस उभा, आणि धाकटीच्या चोपदारानं आधी बसायचं? तो ताठ. म्हणाला, "आधी आपण बसावं." मी म्हटलं, "छे, वराकडचे उभे असताना? आधी आपण." "आपण थोरले." "आपण व्याही." "अजून ठरलेलं नाही." "म्हणूनच आधी आपण." पाणी काठावरून आत यायला लागलं हो... माझे पाय भिजले, त्याचे पाय भिजले, होडी ह्या अंगाला, मग त्या अंगाला, उमाबाई देवीचं नाव घेतायत, भवानीबाई चणे खातायत, मानाजी रडतोय, आणि आम्ही दोघं एकमेकांना हात करतोय, बसा, आपण बसा, छे, आपण. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला तेव्हा भीती बुडायची नव्हती. आधी बसलो तर स्थळ जाईल, ही होती.

आणि माझ्या पोरीनं तोंड उघडलं.

म्हणजे आधी हात चालवला. एका हातानं माझ्या उपरण्याचं टोक धरलं, दुसऱ्या हातानं त्यांच्या. आणि म्हणाली, "आबा, बसा. तुम्हीपण बसा. पुरे झालं." आणि ओढलं. दोघंही एकदम खाली. दाणदिशी. कोण आधी टेकलं ते देवीलासुद्धा सांगता येणार नाही. मग ती जगदेवरावांना म्हणाली, "ती काठी आडवी ठेवा, लागेल कुणाला." आणि धाकट्या पातीच्या चोपदारानं, तुम्हाला सांगतो, काठी आडवी ठेवली.

नंतर नुसती वल्ह्यांची चुबुक चुबुक. मानाजीनं एकदा बारीक आवाजात "डाव्या हाताला धोबीघाट" म्हणून बघितलं, पण कोणी मान वळवली नाही. उमाबाई रडत होत्या. इंदूचा चेहरा पांढराफटक, तिलाही कळलं होतं काय झालं ते. मला पोरीचा राग यायला हवा होता, आला नाही. वाईट वाटलं. तिनं आमचा जीव वाचवला, आणि त्याबद्दल तिसरा नकार मिळणार होता.

काठाला लागलो. जगदेवराव उतरले आणि चिखलात ताठ उभे राहिले. बोलल्या भवानीबाई. पदर झटकून म्हणाल्या, "विहीणबाई, लग्न होऊन मी ह्यांच्या घरात आले तेव्हापासून हा माणूस उभा आहे. जेवतानासुद्धा माझ्या डोक्यावर उभा असतो. ह्याला खाली बसवणारी मी पहिल्यांदा पाहिली. मुलगी आमची." मी जगदेवरावांकडे बघितलं. ते टेकडीकडे बघत होते. म्हणाले, "काठीसुद्धा ठेवली मी." स्वतःलाच सांगत होते बहुतेक.

मार्गशीर्षात लग्न झालं. तरी माझं मत बदललेलं नाही, पाणी काठावरून बघावं माणसानं. त्या होडीनं मला काय दिलं? धाकट्या पातीत सोयरीक, आणि घर रिकामं. उमाबाई बोलत नाहीत फारशा, मीही नाही. बोलणारी गेली.

परवा इंदू पहिल्यांदा माहेरपणाला आली. दारात उभी राहिली, नवं लुगडं, कपाळाला आडवी चिरी, आणि मी आपोआप उठलो. उमाबाई म्हणाल्या, "अहो, पोटच्या पोरीसाठी कोणी उठतं का?" आता ह्यांना काय सांगायचं? ती आता वराकडची. तिकडची सून माझ्या दारात उभी आहे आणि मी फराशखान्यातला माणूस बसून राहू? तसाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेही काठापर्यंत.

पोरीनं चपला काढल्या, माझं उपरणं धरलं आणि म्हणाली, "आबा, बसा."

बसलो.