अस्तर लावलेला कॉम्प्युटर

सून : ...नाही हो दादा, झोपत नाही. झोपला तर बटण दाबल्यावर उठेल तरी. हा एकदम मान टाकतो. पडदा काळा, आवाज बंद. आज तिसऱ्यांदा.

मेकॅनिक : बंद पडण्याआधी काही सांगतो का? पडद्यावर काही लिहून येतं?

सून : एक अक्षर नाही.

सासू : कुणाशी बोलतेस गं?

सून : कॉम्प्युटरचे मेकॅनिक आहेत, आई. फोनवर. तुमचं चालू द्या, मी गॅलरीत जाऊन बोलते.

सासू : कॉम्प्युटर इथं आणि तू गॅलरीत? तो काय लाजतो का तुला? स्पीकरवर टाक. मलाही ऐकू दे. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय, मशिनं सगळी एकाच जातीची.

सून : त्यांना घाई असेल, आई...

मेकॅनिक : टाका ताई, टाका स्पीकरवर. माझ्या टेबलावर तीन पेशंट पोट उघडून पडलेत, मला हलता येत नाही. तिथं जितके हात तितके बरे. नमस्कार काकू.

सासू : नमस्कार भाऊ. येताय कधी?

मेकॅनिक : उद्या सकाळी.

सून : उद्या येऊन काय उपयोग? आज पाचला नकाशा जायला हवा. लहान मुलांच्या दवाखान्याचा. मी इमारतींचे नकाशे काढते ना. लग्न होऊन इथं आल्यापासून, दोन महिन्यांतलं हे पहिलं काम, आणि त्यातही दोनदा तारीख चुकलीय. आमच्या मोठ्या बाई सकाळीच म्हणाल्या, आज पाचच्या आत आला तर काम तुझं, नाहीतर दुसऱ्या कुणाला देते.

मेकॅनिक : राहिलंय किती?

सून : एक जिना. तोच जिना सकाळपासून तीनदा बांधलाय. वरच्या पायरीला पोचले की हा गेलाच.

सासू : जेवलीसुद्धा नाही भाऊ ही दुपारी. ताट झाकून ठेवलंय.

मेकॅनिक : अडीच वाजलेत. वेळ आहे. घोडं कुठं पेंड खातंय ते शोधू. वायर कशात घातलीय?

सासू : माझ्या मशीनच्या बोर्डात. एका बोर्डात आम्ही दोघी.

मेकॅनिक : हां. मग तुमची मोटर जोरात फिरली की त्याला वीज पुरत नसेल. ताई, चालू करा बघू त्याला.

सून : बंद पडला की लगेच नाही होत चालू. दहा मिनिटं ढिम्म बसतो.

मेकॅनिक : असं? हे लक्षात ठेवतो. आता झाली का दहा मिनिटं?

सून : झाली. हा बघा, झाला चालू.

मेकॅनिक : काकू, आता तुम्ही चालवा.

सासू : चालवते. ही सरळ शिवण. ही दुहेरी. कोटाची कॉलर घालू का? चार पदरी आहे, मोटर कण्हायला लागते.

मेकॅनिक : घाला, कण्हू दे.

सासू : घातली. सुई रडतेय, पण तुमचा पेशंट मजेत आहे.

मेकॅनिक : मग बोर्डाचा दोष नाही. उगीच जखम मांडीला आणि मलम शेंडीला नको. ताई, हा रोज बंद पडतो?

सून : रोज. म्हणजे बहुतेक रोज.

मेकॅनिक : काल?

सून : काल नाही पडला. दुपारी दोन ते पाच सलग चालला.

मेकॅनिक : काल वेगळं काय केलंत?

सून : काही नाही. नेहमीसारखंच.

सासू : वेगळं म्हणजे काल मी घरात नव्हते. डोळे दाखवायला गेले होते.

मेकॅनिक : त्याच्याआधी असा सलग कधी चालला होता, ताई?

सून : आठवत नाही. शुक्रवारी असेल.

सासू : शुक्रवारी मी बटणं आणायला गेले होते. दोन दुकानं पालथी घातली, चांगले तीन तास गेले.

मेकॅनिक : काकू, राग मानू नका, पण तुम्ही घरात असलात की हा बंद पडतो आणि बाहेर गेलात की चालतो.

सासू : घ्या. लोकांच्यात सुनेचा पायगुण बघतात, आमच्यात सासूचा निघाला.

सून : तसं काही नाही, आई. योगायोग असतो.

मेकॅनिक : दोनदा योगायोग होत नाही. काकू, तुम्ही त्याला पुसता का? हलवता? मागची वायर ढिली होत असेल.

सासू : मी फडकंसुद्धा लावत नाही त्याला. धूळ बसायला जागाच नाही, कारण मी त्याला...

सून : दादा, मी तुम्हाला पाच मिनिटांनी फोन केला तर चालेल?

मेकॅनिक : पाच मिनिटांत तो पुन्हा जाईल, मग पुन्हा दहा मिनिटं थांबा. आत्ताच बघू. खोक्याच्या मागे हात धरा. गरम वारा लागतोय?

सून : नाही.

मेकॅनिक : पंख्याचा आवाज आहे?

सून : आवाज आहे. वारा नाही.

मेकॅनिक : मागे जाळी असते बघा. तिच्यावर हात टेकवा.

सून : तिथपर्यंत हात पोचत नाही.

मेकॅनिक : का? मधे काय आलंय?

सून : कपडा.

मेकॅनिक : कसला कपडा?

सासू : कपडा काय म्हणतेस गं? अंगरखा आहे तो. भाऊ, मी शिवलाय, माझ्या हातानं. बाहेरून राखाडी सुटाचं कापड, आतून अस्तर आणि मधे कापसाचा थर. पुढं त्याच्या बटणासाठी काज केलंय, मागं प्रत्येक वायरीला वेगळं काज. पाठीवर सहा बटणं. मापात असा बसलाय, की कुठं सुरकुती दिसली तर सांगा, मी शिवणकाम सोडते.

मेकॅनिक : कापसाचा थर?

सासू : धक्का लागू नये म्हणून. आणि रात्री गारठा असतो इथं, फरशीवर ठेवलाय त्याला.

मेकॅनिक : काकू, त्याला गारठाच हवा असतो हो. काम करताना तो तापतो. आतला पंखा तो गरम वारा मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तुमच्या अंगरख्यात वारा कोंडून राहतो. फार तापला की जीव वाचवायला तो आपणहून बंद पडतो आणि गार झाल्याशिवाय उठत नाही. तुम्हाला उन्हात रजई पांघरून पळायला लावलं तर तुम्ही काय कराल?

सासू : खाली बसेन.

मेकॅनिक : तोही तेच करतोय.

सासू : म्हणजे मीच आहे की.

मेकॅनिक : तुम्हाला कळणार कसं? जाळी झाकायची नसते हे कुणी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी.

सासू : मला कुणी सांगितलं नाही, खरंय. पण थांबा जरा. काल हा तीन तास चालला. शुक्रवारी चालला. अंगरखा तर रोज अंगातच असतो. अगं ए, मी नसताना तू याचा अंगरखा काढत होतीस?

सून : काढत होते. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात की काढायचे. जिन्यात तुमची चप्पल वाजली की घालायचे.

सासू : सहाच्या सहा बटणं?

सून : सहाच्या सहा.

सासू : म्हणजे तुला ठाऊक होतं.

सून : बंद पडायला लागला त्याच आठवड्यात कळलं होतं.

सासू : आणि दोन महिने मूग गिळून बसलीस. दोनदा तारीख चुकवून घेतलीस. आज काम हातचं जायची वेळ आली, तरी गप्प?

सून : आज सकाळपासून तीनदा तोंड उघडलं, आई. दर वेळी तुम्ही काज करता करता त्याच्याकडं बघून हसत होतात.

सासू : मग या भाऊंना कशाला त्रास दिलास?

सून : त्यांनी येऊन बघावं आणि त्यांनीच सांगावं म्हणून. मेकॅनिकनं सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं नसतं.

मेकॅनिक : मला वाटत होतं मी डॉक्टर आहे. निघालो निरोप्या.

सासू : मी एवढी वाघीण आहे का गं?

सून : नाही हो. तसं असतं तर सोपं होतं, नवऱ्याकडून निरोप धाडला असता. मी इथं आले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर तुम्ही जमिनीवर मांडी घालून टेपनं कॉम्प्युटरचं माप घेत होतात. उंची, रुंदी, पाठ, सगळं वहीत लिहून. माझ्या माहेरी सगळे त्याला "ते खोकं" म्हणायचे. "ते खोकं बंद कर आणि जेवायला ये." माझ्या कामाचं कुणी कधी माप घेतलं नव्हतं. तुम्ही अंगरखा घातलात त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले, इतकं बरं वाटलं. आणि आठवड्यानं हा बंद पडायला लागला. काय सांगणार होते मी तुम्हाला? तुमच्या मायेनं माझं मशीन गुदमरतंय म्हणून?

सासू : हेच सांगायचं. याच शब्दांत.

सून : जीभ रेटली नाही.

सासू : ऐक. काखेत काचतंय म्हणून जे गिऱ्हाईक तोंडावर सांगतं ना, ते जन्मभर आपलं असतं. आणि जे "छान झालाय हं" म्हणून घेऊन जातं आणि घरी कपाटात कोंबतं, ते गेलं ते गेलंच. तू दोन महिने मला कपाटात कोंबलंस. लागलं मला ते, खोटं कशाला बोलू?

सून : चुकलं माझं.

सासू : चुकलं तर चुकलं. आता डोळे पुसत बसू नकोस, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. भाऊ, आहात ना?

मेकॅनिक : आहे काकू. मी आपला छताकडं बघत होतो.

सासू : आता काय करायचं ते बोला.

मेकॅनिक : आधी अंगरखा काढा.

सून : काढला. आणि हा गेला बघा, आत्ताच.

मेकॅनिक : जाऊ दे, बरंच झालं. वायर भिंतीतून उपटा. आत कचरा असणार, तो काढून टाकू. डाव्या अंगाचा पत्रा दोन स्क्रूंवर असतो.

सासू : सर तू, मी काढते. माझ्या मशीनचा पेचकस आहे. निघाला. अरे देवा, हे काय? पंख्यावर धाग्यांचं घरटं झालंय. हा निळा त्या बँडवाल्यांच्या कोटांचा. हा पिवळा शाळेच्या गणवेशाचा. आणि हा पांढरा कापूस तर त्याच्याच अंगरख्यातला.

मेकॅनिक : मऊ ब्रश असेल का घरात?

सासू : शिवणाऱ्या बाईला ब्रश विचारताय? रोज सकाळी माझ्या मशीनच्या पोटातला कचरा मी ब्रशनंच काढते. त्याशिवाय टाका नीट पडत नाही.

मेकॅनिक : मग तुम्हाला शिकवायला नको. फक्त पंखा बोटानं धरून ठेवा, फिरू देऊ नका. आणि फुंकर मारू नका.

सासू : फुंकर मशीनला कधीच मारायची नसते. ओल जाते आत. अगं, तू पंखा धर. असा. हलवू नकोस. हा निघाला सगळा. मूठभर झाला.

मेकॅनिक : पत्रा लावा. चालू करा. मागे हात धरा.

सून : येतोय वारा. चांगला गरम येतोय.

मेकॅनिक : थोड्या वेळानं कोमट होईल. ताई, आता जिना बांधा. मी माझ्या पेशंटांकडं वळतो.

सासू : भाऊ, एक मिनिट. त्याची कुठली बाजू मोकळी ठेवायची? मी तेवढा भाग कापून काठाला पट्टी मारते.

सून : आई, राहू दे ना आता.

सासू : तू जिना बघ. बोला भाऊ.

मेकॅनिक : मागची पूर्ण मोकळी. डावीही. पुढूनही तो वारा आत ओढतो.

सासू : म्हणजे उरली टोपी.

मेकॅनिक : टोपी चालेल, पण बंद असतानाच.

सासू : मग नकोच. अर्धवट कपडा मी शिवत नाही. तिच्या खुर्चीला गादी करते त्याची. खुर्चीला वारा लागत नाही ना?

मेकॅनिक : खुर्चीला काही लागत नाही, काकू. ठेवतो.

(खोलीत शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू. पावणेपाच वाजतात.)

सून : गेला. आई, नकाशा गेला.

सासू : पोचला का ते बघ.

सून : पोचला. बाईंचं उत्तरही आलं. "मिळाला. जिना छान जमलाय. पुढचं काम सोमवारी पाठवते."

सासू : म्हणजे काम तुझंच.

सून : माझंच.

सासू : आता ताट घे आधी. गार झालंय सगळं, गरम करून देते.

सून : मी घेते. पण आई, आणखी एक आहे. आजच सांगून टाकते.

सासू : सांग. आज हातासरशी सगळंच उसवून घेऊ.

सून : तुमच्या चहात साखर फार असते.

सासू : दोन महिने पितेस की.

सून : दोन महिने पितेय.

सासू : धन्य आहेस बाई. उद्यापासून आपली आपण घालून घे. आणखी काही?

सून : नाही, एवढंच. तुमचं आहे का काही?

सासू : आहे एक. हसणार नसशील तर सांगते.

सून : नाही हसणार.

सासू : मी काज करताना त्याच्याकडं बघून हसते म्हणालीस ना? त्याच्याकडं नसते बघत मी. तुझ्या पडद्याकडं बघत असते. मला नुसत्या रेघा दिसतात. तू म्हणतेस हा दवाखाना, हा जिना, ही खिडकी. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. रोज ठरवते विचारायचं आणि राहून जातं. वाटतं, तू म्हणशील सासू अगदीच अडाणी आहे.

सून : कधीपासून ठरवताय?

सासू : तू आलीस तेव्हापासून.

सून : या. स्टूल इकडं ओढा, माझ्या शेजारी. ही जाड रेघ म्हणजे भिंत. आणि ती जिथं तुटलीय ना, तिथं दार आहे.